बाजूचं दार

आजोबांकडे बांबूचं एक नळकांडं होतं. टोक तिरकं कापलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ओला लसूणघास जास्त खाऊन बैलाचं पोट फुगलं, की त्यातून गोडंतेल पाजायचं. गडी शिंगं धरायचा आणि आजोबा जबड्याच्या कोपऱ्यात बोटं घालायचे. गुरांच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे दात नसलेली जागा असते. तोंडाला असलेलं ते जणू बाजूचं दार.

“मुंडी लई वर ओढू नको,” ते गड्याला बजावत. नाकपुडी डोळ्याच्या वर गेली की जनावराला नीट गिळता येत नाही. बैल ठसकला, की तेल सांडलं तरी चालेल, पण मुंडी सोडायची. तेव्हा रेटून पाजलेलं तेल पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पोटफुगीइतकाच जीवघेणा. “घोट त्याचा त्याला घेऊ दे,” हा आजोबांचा नियम.

पुण्यात घरी कुत्रा आला, तेव्हा नळकांड्याच्या जागी बिनसुईची सिरिंज आली. डॉक्टरांनी तिचं टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या खोबणीत ठेवायला सांगितलं. म्हणजे इथेही दार बाजूचंच. गोळीची गोष्ट वेगळी. आमचे साहेब पेढा चाटूनपुसून खात आणि गोळी फरशीवर ठेवून देत. मग पहिला घास नुसता, दुसऱ्यात गोळी आणि तिसरा नुसता दाखवायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जाई. टेट्रासायक्लिन असेल तर मात्र पेढा बाद, कारण दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही.

आता घरात मांजर आहे. तिनं गोळी गिळली तरी काम संपत नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते, आणि डॉक्सीसायक्लिनसारखी असेल तर तिथे जखम करते. म्हणून मागोमाग सिरिंजनं थोडं पाणी, तेही थेंबाथेंबानं, तिची जीभ हलेल त्या बेतानं.

कुठलंही जनावर असो, औषध तोंडात घालणं एवढंच आपल्या हातात असतं. घोट कधी घ्यायचा, ते ठरवणार ते जनावर. पण आत काय जातंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. तापलेल्या मांजरीला घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर ती तितक्याच विश्वासानं गिळेल. ते औषध निरुपद्रवी करण्याची ताकद तिच्या यकृतात जवळजवळ नसते. आपली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते.

शिवाय औषध घशाखाली उतरलं, की गोष्ट त्या एका जनावरापाशी थांबतेच असं नाही. दुखण्यावर गुरांना सर्रास डायक्लोफेनॅक दिलं जाई. उपचारानंतर लवकरच मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, ती झपाट्यानं मरू लागली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, आणि गुरांनी औषध मुकाट घेतलंही होतं.

म्हणून हल्ली सिरिंज भरण्याआधी मी पुन्हा एकदा चिठ्ठी वाचते: औषधाचं नाव, मांजरीचं वजन, मिलिलिटर. घाई न करण्याचा आजोबांचा नियम घोटापुरता होता. मी तो बाटली उघडण्यापासूनच लागू केला आहे.