पॅव्हेलियनबाहेरचा चहा

डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहातलं बालनाट्य बघून कोपरला परतताना डोक्यात तेच घोळत होतं. पऱ्या-राक्षस पुरे झाले. क्रिकेटपटू बाळू पळवणकरांवर संगीत नाटक का नाही? पुण्यात ‘अस्पृश्य’ बाळूची गोलंदाजी हवी होती, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकीपटूने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद नाहीच. ते १९२३मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. अमेरिकेत वर्णभेदाची भिंत मोडून कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला तो १९४७ला! चहाच्या प्रवेशाला गाणं नको. पोरं मोठ्याने विचारतीलच, ‘बाहेर का?’ आणि शेजारी बसलेल्या आईबापांची पंचाईत होईल. होऊ दे की. कर्णधार विठ्ठलच्या विजयाला मात्र ताशा हवाच, तोही प्रेक्षकांतून वाजत येणारा.