चित्रांची मोजदाद ठेवणारी पेठ

ॲम्स्टरडॅमला गेलेला मराठी माणूस साधारण तीन गोष्टी उरकून येतो: कालव्यातली बोट, व्हॅन गॉगचं संग्रहालय आणि मोसम असला तर ट्युलिपच्या बागा. मला त्यात चौथी घालायची होती. कॉमिक्सच्या दुकानात जायचं होतं. भाची ॲम्स्टलफेनला राहते. आता तिथे आपली एवढी मंडळी आहेत, की गणपतीत आरतीचे आवाज ऐकू येतात. ती म्हणाली, "मामा, कॉमिक्स बघायला एवढ्या लांब? ती काय दादरला मिळत नाहीत?" मिळतात. पण लाम्बिक दादरला नाही.

'लाम्बिक' हे युरोपातलं सगळ्यांत जुनं, आजवर टिकलेलं कॉमिक्सचं दुकान मानलं जातं. केस काउसमाकर या गृहस्थाने ते १९६८च्या नोव्हेंबरात केर्कस्ट्राट या रस्त्यावर उघडलं आणि विली वांडरस्टेन यांच्या 'सुस्के एन विस्के' या बेल्जियन चित्रमालिकेतल्या एका बढाईखोर, टकल्या पात्राचं नाव त्याला दिलं. तेव्हाचं ॲम्स्टरडॅम हिप्पींचं होतं. जवळच एका जुन्या चर्चमध्ये त्याच वर्षी 'पॅराडिसो' हा नाचगाण्याचा अड्डा सुरू झाला होता. अशा गावात कुणी जुनी कॉमिक्स विकायला बसलं, तर त्याचं कुणाला नवल वाटलं नसेल. नवल पुढे आहे. २०१५मध्ये दुकान न्यूमार्क्ट चौकालगतच्या कोनिंग्सस्ट्राट या गल्लीत आलं. केर्कस्ट्राटच्या मानाने ही पेठ त्याला जास्त शोभते असं माझं मत झालं. का, ते सांगतो.

न्यूमार्क्टला मेट्रोने जावं. वर येण्याची घाई करू नये, कारण त्या स्टेशनातच गोष्ट सुरू होते. घरं पाडायला क्रेनला टांगतात तसला लोखंडी गोळा तिथे शिल्प म्हणून लावलेला आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या खात्याने आपल्याच स्टेशनात आपल्याच पाडकामाची आठवण मांडून ठेवावी, हे आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही.

झालं होतं असं. हा भाग म्हणजे जुना ज्यू मोहल्ला. नाझींनी इथली माणसं छळछावण्यांकडे नेली आणि घरं ओस पडली. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात शहरातल्या गारठलेल्या लोकांनी त्या रिकाम्या घरांच्या तुळया, जिने, दारं जळणासाठी काढून नेली. मग भिंतीही ढासळल्या. युद्धानंतर महापालिकेने आराखडा केला: खालून मेट्रो, वरून चौपदरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना कचेऱ्या. उरलेल्या घरांत तोवर तरुण मुलं, चित्रकार, विद्यार्थी शिरून राहू लागले होते. १९७५च्या मार्च-एप्रिलात पाडकाम सुरू झालं आणि पोलिसांशी धुमश्चक्री उडाली. मेट्रो झालीच, १९८०मध्ये या भागाखालून धावूही लागली. पण वरच्या हमरस्त्याचा नाद पालिकेने सोडला आणि रस्त्यांची जुनी आखणी राखून घरं बांधली. नाहीतर कोनिंग्सस्ट्राटसारख्या अरुंद गल्लीची आज या भागात काय अवस्था असती कोण जाणे.

वर आलं की समोर 'वाख'. गोल बुरुजांची, विटांची, ठेंगणी इमारत. १४८८च्या सुमाराची ही मूळची गावाची वेस. गाव वेशीबाहेर वाढल्यावर १६१७पासून तिथे मालाचं वजन होऊ लागलं आणि वरच्या मजल्यावर वेगवेगळ्या धंद्यांच्या संघांना खोल्या मिळाल्या. शल्यवैद्यांचा दरवाजा अजून ओळखता येतो. रेम्ब्रांटने १६३२मध्ये प्रेताभोवती जमलेल्या डॉक्टरांचं जे प्रसिद्ध चित्र काढलं, ते याच संघासाठी. खाली आता कॉफी मिळते. महाग असते, बाकी ठीक.

गल्लीत शिरल्यावर दुकान पटकन सापडतं. आत आमच्या भाचीची पहिली प्रतिक्रिया "एवढंसंच?" अशी. पण अशा दुकानांचा जीव जागेत नसतो. एकीकडे नवी पुस्तकं, एकीकडे जुनी, कुठे छापील चित्रं. मी रमलो तो मार्टेन टोंडर या डच चित्रकथाकारांच्या पुस्तकांपाशी. टॉम पूस हा पांढरा बोका आणि चौकटीचा कोट घातलेलं ऑली बोमेल हे खानदानी अस्वल, ही त्यांची जोडी. टॉम पूस १९४१च्या मार्चमध्ये एका दैनिकात अवतरला, कारण युद्धामुळे मिकी माउसच्या पट्ट्या येणं थांबलं आणि रकाना मोकळा पडला. पुढे ते दैनिक नाझी माणसाच्या हाती गेलं, तेव्हा टोंडरनी मालिका थांबवली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि १९८६पर्यंत चालली.

या पुस्तकांची मांडणी आपल्याला चमत्कारिक वाटते. पात्रांच्या तोंडून फुगे निघत नाहीत. वर तीन चित्रं आणि खाली सलग मजकूर, चांगला पानभर. यामागे मुलांनी 'वाचलं' पाहिजे हा मास्तरी आग्रह होता. फुग्यातलं वाचन हे त्या पिढीच्या लेखी वाचनच नव्हे. १९४८मध्ये तर तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी शाळांना पत्रक पाठवून स्वस्त चित्रकादंबऱ्यांपासून मुलांना जपण्याचा इशारा दिला. आपल्याकडेही इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ अभ्यासाच्या पुस्तकात लपवूनच वाचावा लागे. फरक पुढचा आहे. इशाऱ्यानंतर वीस वर्षांनी काउसमाकरने त्याच मालाचं दुकान काढलं, आणि १९७०मध्ये डच चित्रकथांच्या इतिहासाचं पुस्तकही सिद्ध केलं. कोणी काढलं, कुठे छापलं, कधी छापलं, याची नोंद करायची त्याला खोड होती. विक्रेत्याला ते करायची गरज नसते. त्याने केलं. १९९९मध्ये ती नोंद इंटरनेटवर चित्रकारांच्या कोशाच्या रूपात आली आणि आज त्यात जगभरच्या हजारो जणांच्या नोंदी आहेत. काउसमाकर २०१०मध्ये वारला. दुकान त्याआधीच मुलाकडे गेलं होतं. कोश वाढतोच आहे.

अशा दुकानात चित्रकथेचं मूळ पान पाहायची संधी मिळाली, तर ती कधीही सोडू नये. छापील पानात न दिसणाऱ्या गोष्टी त्यात दिसतात. शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा असतात. ब्लॉक करणाऱ्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे, म्हणून चित्रकार त्या खोडण्याची तसदी घेत नसत. चुकलेल्या रेघेवर पांढऱ्या रंगाचा थर. कडेला मोजमाप, कुठे चिकटवलेला तुकडा. छापलेलं पान गुळगुळीत, मूळ पान कामाच्या टेबलासारखं. योस्त स्वार्ते या डच चित्रकाराने हर्जेच्या टिनटिनमधल्या एकसारख्या, सावलीविरहित रेषेला १९७७मध्ये 'स्वच्छ रेषा' असं नाव दिलं, ते पुढे जगभर रूढ झालं. ती स्वच्छता किती खाडाखोडीनंतर येते, ते मूळ पानांवरच कळतं.

दुकानातून निघून पाच-सात मिनिटं चाललं, की योडनब्रेस्ट्राटवर रेम्ब्रांटचं घर. १६३९मध्ये त्याने ते १३ हजार गिल्डरना घेतलं. हप्ते थकले, १६५६मध्ये दिवाळं निघालं. तेव्हा कोर्टाच्या माणसांनी खोलीखोलीत फिरून घरातल्या वस्तूंची यादी केली: चित्रं, पुतळे, शिंपले, शस्त्रं, चित्रांचे गठ्ठे. कर्जदाराच्या अब्रूचा पंचनामाच म्हणायचा. पण आज ते घर जसं लावलेलं आहे, ते बरंचसं त्या यादीच्या आधाराने. जप्तीचा कागद नसता तर कुठल्या खोलीत काय होतं हे कुणाला कळलं असतं?

तिथे एक बाई आम्हाला ताम्रपटावरची छपाई करून दाखवत होती. मेणाचा पातळ लेप दिलेला तांब्याचा पत्रा. सुईने लेप खरवडून चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात. उघडं तांबं तेवढं खाल्लं जातं. लेप पुसून शाई चोळायची, कापडाने वरची शाई टिपायची. खाचेत राहते ती रेषा. ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की चित्र उलटं उमटतं. आपल्या छापखान्यांतला लाइन ब्लॉक याच्याच कुळातला: तिथे जस्ताचा पत्रा, आम्ल तेच, फक्त शाई खाचेऐवजी उंच राहिलेल्या भागाला लागते. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची रेखाचित्रं मराठी घराघरांत पोचली ती अशा पत्र्यांवरून.

आणि आता आपल्या घराजवळचा धागा. रेम्ब्रांटने उतारवयात मुघल लघुचित्रांवरून दोनेक डझन चित्रं काढली, आशियाई कागदावर, बारीक लेखणीने. शहाजहान आहे, झाडाखाली बसलेले चार वृद्ध आहेत. हिंदुस्थानात तो कधी आला नव्हता. माल आणणारी डच ईस्ट इंडिया कंपनी मात्र त्याच्या शेजारी होती. तिची जुनी कचेरी न्यूमार्क्टपासून हाकेच्या अंतरावर, आता विद्यापीठाकडे आहे. याच कंपनीने सुरतेत वखार घातली, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला वेंगुर्ल्यातही. वेंगुर्ल्याची डच वखार पडक्या स्थितीत अजून उभी आहे. त्या कचेरीच्या अंगणात उभं राहून मी भाचीला वेंगुर्ल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "आपण दर मे महिन्यात तिच्यावरून जायचो की!" जायचो. गाडी कधी थांबवली नाही.

कंपनी सोज्वळ नव्हती, मसाल्याच्या बेटांवर तिने माणसं मारली. पण लिहून ठेवण्याच्या बाबतीत हे शहर पूर्वीपासून कडक. कंपनीचे कागद युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत आहेत. दिवाळखोराची यादी, व्यापाऱ्याची वही आणि कॉमिक्सवाल्याचा कोश या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासाच्या फेरीत येतात. म्हणून म्हटलं, दुकानाला ही पेठ शोभते.

आता आपल्याकडचं पाहा. दलाल आणि मुळगावकर दोघेही मूळचे गोव्याचे. एक १९७१मध्ये गेले, दुसरे १९७६मध्ये. मासिकांची, कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, देवादिकांची कॅलेंडरं हे सगळं त्यांनी रंगवलं. त्याचा आकडा विचारला, तर आपण 'हजारो' म्हणून मोकळे होतो. कोणतं चित्र कोणत्या वर्षी, कुठल्या अंकाला, मूळ चित्र कुणाकडे, हे काउसमाकरसारख्या चिकाटीने लिहिणारं दुकान आपल्या कुठल्या पेठेत निघालं नाही. दोष चित्रकारांचा नाही, वाचकांचा आहे, आणि त्यात मी आलो.

तुमच्या माळ्यावर 'दीपावली', 'आवाज' किंवा दुसरे कुठले जुने दिवाळी अंक असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एवढं करा. मुखपृष्ठ फाडून फ्रेम करू नका, अंक अख्खा ठेवा. मुखपृष्ठ कोणाचं आणि सजावट कोणाची हे आतल्या पानावर, संपादकाच्या नावाजवळ बारीक टायपात छापलेलं असतं. ते नाव आणि वर्ष वहीत उतरवून घ्या.