उगमाचे पाणी

लोणावळ्याजवळील कुरवंडे हे इंद्रायणीचे उगमस्थान होय. देहू-आळंदीच्या घाटांवर भाविकांना स्नान घालणारी ही नदी येथे एखाद्या ओहळासारखी वाहते. आळंदीचा डोह मोजणारा उंच वेळू कोणी येथे आणून टेकवला, तर तो म्हणेल, “येथे पाणीच नाही!” पाणी असतेच, चुकते ते माप.

माणसाच्या बाबतीतही असे घडते. १९६५ साली इंग्लंडमधील डॉक्टर हॅरी एंजलमन यांनी तीन बालकांच्या एका दुर्मीळ अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ती ‘एंजलमन सिंड्रोम’ या नावाने ओळखली जाते. सुमारे १५,००० जन्मांत असे एखादे मूल आढळते. जन्मतःच असलेल्या आनुवंशिक दोषामुळे त्याच्या मेंदूचा विकास वेगळ्या रीतीने होतो. ही मुले मोठी हसरी असतात. परंतु त्यांच्या ओठी मोजकेच शब्द येतात, कित्येकांच्या तर एकही येत नाही. साहजिकच नेहमीच्या भाषाचाचणीत त्यांच्या पदरी जवळजवळ शून्य पडते.

मग त्यांना सांगावयाचे काहीच नसते काय? भूक लागली की असे मूल आईचा पदर धरून तिला स्वयंपाकघराकडे ओढते. नको असलेले ताट दूर सारते. ओळखीची पावले वाजताच दाराकडे पाहून हसते. मागणे, नाकारणे, स्वागत करणे – हा सारा संवादच नव्हे काय?

हे ध्यानी घेऊन अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ऑर्का’ नावाची प्रश्नावली सिद्ध केली. तिची उत्तरे मुलाला नित्य पाहणारे आईवडील देतात. हवी ती वस्तू ते कसे मागते, नको ते कसे कळवते, याची तीत विचारणा असते. शब्दांप्रमाणेच हातवारे, खुणा आणि चित्रे यांचीही तेथे गणना होते.

अशा मापाचे मोल मोठे आहे. ‘शून्य’ असा शिक्का बसला की त्या मुलाशी बोलणे आणि त्याला शिकवणे मागे पडते. उलट, काल दोन खुणा करणारे मूल आज तिसरी करू लागले, हे नोंदले गेले तर शिक्षकाला हुरूप येतो आणि उपचारांचा गुण येत आहे की नाही, हे डॉक्टरांना कळते.

असा संवाद वाढविण्याची साधनेही आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये तयार झालेल्या ‘जेलो’ या साधनात पडद्यावरील चित्राला बोट लावताच त्यासाठीचे बोल मराठीतही ऐकू येतात.

न बोलणारे मूल कधी शेजारी बसले, तर त्याला प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. ते उत्तर कदाचित शब्दांत नसेल. परंतु नीट पाहणाऱ्याला ते कळल्याशिवाय राहणार नाही.