काळ्या कुत्र्याची नावे

इंग्लंडच्या लोककथा म्हटले की आपल्याकडे बहुधा जोसेफ जेकब्ज यांचे १८९० सालचे ‘इंग्लिश फेअरी टेल्स’ हाती येते. पुस्तक गोड आहे. पण मुलांना वाचून दाखवता यावे म्हणून जेकब्जनी बोलीतला मजकूर बराच सोपा केला. कथा कुठल्या परगण्याची, हे शेवटच्या टिपांत शोधावे लागते. टिपा वाचतो कोण?

आणि परगणा कळल्याशिवाय कथा कळत नाही. रात्री वाट अडवणारा काळा कुत्रा नॉरफोक-सफोकात ‘शक’ असतो, यॉर्कशरात ‘बारगेस्ट’, लँकशरात ‘स्क्रायकर’. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीत ठोकठोक करणारे ‘नॉकर’ राहतात. डेव्हनच्या माळावर पिक्सी वाट चुकवतात, थेट आपल्या चकव्यासारखे. कोट उलटा करून घातला की भूल उतरते!

खरे शोधणाऱ्याने वेस्टवुड आणि सिम्पसन या दोघींचे ‘द लोअर ऑफ द लँड’ (२००५) पाहावे. मांडणी परगण्यांनुसार आहे, आणि कथा प्रथम कोणी, कधी लिहून ठेवली हे त्या विचारतात. श्रॉपशरसाठी शार्लट बर्न यांचा १८८३चा ग्रंथ आहे. कॅथरिन ब्रिग्ज यांचा चार खंडांचा कोश (१९७०-७१) तर हवाच, पण सॉमरसेटच्या कथा जरा जपून वाचाव्यात. त्यांतल्या कित्येक रूथ टंग यांनी दिलेल्या आहेत, आणि त्यांना दुसरीकडे आधार सापडत नाही म्हणून पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली.

आपल्या कोकणाचेही असे पुस्तक आहे. जॅक्सन यांनी जमवलेली, एन्थोव्हेन यांनी १९१५ साली छापलेली माहिती. तीत शाळामास्तरांच्या गावांची नोंद आहे. मास्तरांना ज्यांनी सांगितले त्या बायाबापड्यांची बोली मात्र इंग्रजीत विरघळून गेली.

म्हणून फूफीच्या जिन्नाच्या गोष्टी मी तिच्याच कोकणीत उतरवतो; गाव, साल आणि तिचे नाव घालून. एका संपादकांनी भाषा ‘शुद्ध’ करून मागितली, तेव्हा गोष्ट परत घेतली. फूफीला हे सांगितले तर म्हणाली, “आसूंदे, जिन्नाला कळतंय ना!”

आजवर सात गोष्टी झाल्या. खाडीपलीकडे त्याच जिन्नाला दुसरे नाव आहे म्हणतात. ते जाणणारी बाई नव्वदीला टेकली आहे. पावसाआधी तर उतरून जायला हवे.