डी ड्राइव्ह

बंगळूरचं पोस्टिंग आलं तेव्हा युनिटमधल्या सगळ्यांनी पाठ थोपटली. तीन वर्षं डोंगरावर काढलेल्या माणसाला पीस स्टेशन, त्यातून बंगळूर, म्हणजे लॉटरीच. बायकोला क्वार्टर, पोराला केंद्रीय विद्यालय, बारा महिने बरी हवा. मला स्वतःला आनंद झाला तो एस. पी. रोडचा. के. आर. मार्केटजवळच्या त्या रस्त्यावर कॉम्प्युटरचा कुठलाही सुटा भाग मिळतो, हे मी कुठेकुठे पोस्टिंगवर असताना ऐकून होतो. एखाद्याला काशीला जायचं असतं, तसं मला एस. पी. रोडला जायचं होतं.

माझा कॉम्प्युटर जोडून घेतलेला, पेंटियम फोर. काळ्या पेटीत, दोन कांबळ्यांच्या घडीत बसून तो माझ्याबरोबर चार ठिकाणी फिरला. ऐंशी जीबीची डिस्क, एक जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला आणि त्याच महिन्यात उबंटूची 14.04 आली. मी ठरवून टाकलं, आता बदलायचंच.

उबंटू मला नवीन नव्हती. पूर्वी ती कंपनी मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवायची (2011 ला ते बंद झालं). 2008 साली मी गावचा पत्ता देऊन एक मागवली होती. पोस्टमनने परदेशी तिकिटाचं पाकीट आणल्यावर आबांनी मला ताबडतोब फोन केला. "तुझ्या नावानं भायेरच्या देशातनं पाकीट आलंय. सरकारी भानगड न्हाई न्हवं? न्हाईतर घेत न्हाई." मी घ्या म्हटल्यावर त्यांनी ते जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं. सुट्टीत गेलो तेव्हा गंभीर चेहऱ्याने माझ्या हातात दिलं.

त्याच कॉम्प्युटरमध्ये आबांचं एक रेकॉर्डिंग होतं. 2010 च्या सुट्टीत ओसरीवर बसून, साध्या नोकिया फोनवर केलेलं, चौदा मिनिटांचं. 72 च्या दुष्काळात ते आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, सुकडी मिळे, त्याच वर्षी विहिरीला परत हात घातला, असं सगळं. 2012 ला आबा गेले. मला पोहोचायला दोन दिवस लागले, तोवर सगळं उरकलं होतं. फोटो होते, पण आवाज तेवढाच.

तर मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी डीव्हीडी घालून बसलो. एक जीबी रॅमवर मुख्य उबंटू रडत चालते म्हणून तिची हलकी भावंडं असलेली लुबुंटू घेतली. डोक्यात हिशोब सोपा होता: विंडोज सी ड्राइव्हमध्ये, आमचा संसार डी ड्राइव्हमध्ये. सी पुसायचा, डी ला हात लावायचा नाही. पंधरा वर्षं आपण हेच शिकलो. पण लिनक्सला सी आणि डी ही नावं ठाऊक नाहीत. तिच्या लेखी एक अख्खी डिस्क असते आणि तिचे आकडे घातलेले तुकडे. पडद्यावर विचारलं, डिस्क पुसून इन्स्टॉल करू का? मला वाटलं, सी बद्दलच विचारतेय. हो म्हटलं. माझ्या हाताखालच्या पोराने न वाचता कागदावर सही केली असती तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या.

अर्ध्या तासात सुंदर निळा पडदा आला. मी डी ड्राइव्ह शोधू लागलो.

घरात कुणाला सांगितलं नाही. रात्री जेवलो, रोजच्यासारखं बोललो. दोन वाजता उठून परत मशीन चालू करायला गेलो आणि तिथेच हात मागे घेतला. एवढी अक्कल शाबूत होती. डिस्क पुसली तरी मजकूर लगेच जात नाही, कुठे काय आहे याची यादी जाते. मजकूर त्याच जागी पडून असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणजे मशीन चालू ठेवण्यात जितका वेळ जाईल, तितके आबा पुसले जाण्याची शक्यता. प्लगच काढून ठेवला.

सकाळी रविवार. आठवड्यापूर्वी ठरलेलं नंदी हिल्सला जाणं मी रद्द केलं तेव्हा बायकोने विचारलंच, "अहो, झालंय काय?" सांगितलं. ती काही बोलली नाही. तो दिवस लांबच लांब गेला.

पुढच्या शनिवारी एस. पी. रोडला गेलो तो असा. काशीयात्रेची मजा गेली होती. जुनी एकशे साठ जीबीची डिस्क आणि यूएसबीचा डबा घेतला. दुकानदार मारवाडी होता. माझी डिस्क उलटसुलट करून म्हणाला, "फौजी साब, इसपे अब एक अक्षर भी मत लिखना." डिस्क त्याने माझ्याच रुमालात गुंडाळून दिली.

नव्या डिस्कवर लुबुंटू बसवली आणि जुनी डब्यात घालून बाहेरून जोडली. आधी टेस्टडिस्क चालवून पाहिलं. जुना तुकडा दिसला, पण उघडेना. मग फोटोरेक. हा प्रोग्राम हरवलेल्या यादीच्या मागे लागत नाही. डिस्कच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत जातो आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची खूण ओळखतो: इथे जेपीजी सुरू झाली, इथे आवाजाची फाइल. फाइलची नावं आणि फोल्डर मात्र परत येत नाहीत, कारण ती यादीबरोबर गेलेली असतात. फौजेतल्या माणसाला हे चटकन कळतं. बिल्ला नाही, पेबुक नाही, नुसती माणसं ओळखायची.

रविवारी सकाळी मशीनला कामाला लावलं आणि बायको म्हणाली, "त्याच्या तोंडाकडं बघत बसून ते पळणार आहे का? चला." मल्लेश्वरमला गेलो, काडु मल्लेश्वराच्या देवळात. काडु म्हणजे कन्नडमध्ये रान. आता चहूबाजूंनी शहर आहे, पण झाडी अजून दाट. शहाजीराजांना विजापूरकडून ही बंगळूरची जहागीर मिळाली होती, आणि त्यांचे पुत्र एकोजी म्हणजे व्यंकोजींनी या देवाला दान दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडचा माणूस तिथे जरा वेळ थांबतोच.

समोर नंदीतीर्थ. नंदीच्या मुखातून पाणी खालच्या पिंडीवर पडतं. हे सगळं मातीखाली गडप होतं, 1990 च्या दशकाच्या अखेरीस खणताना निघालं, असं पुजाऱ्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, ह्यालाबी कुणीतरी फॉर्मॅट मारलं हुतं." आठ दिवसांत ती पहिल्यांदा त्या विषयावर बोलली.

परत आलो तर तेवीस हजार फाइली निघाल्या होत्या. त्यात विंडोजची चित्रं, इंटरनेटच्या जाहिराती, पोराच्या गेममधल्या मोटारी, सगळी रद्दी. पुढचे दोन महिने शनिवार-रविवार आमचं हेच चाललं. फोटोच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून लावायचे म्हटलं, तर आमचा कॅमेरा सेल बदलला की घड्याळ विसरायचा. लग्न, बारसं, सियालदाह स्टेशन, सगळं एका वर्षीच्या 1 जानेवारीला. शेवटी बायकोने साड्यांवरून वर्षं लावली. "ही निळी दिरांच्या लग्नातली, म्हणजे त्याच्या आधीचं." एक्सेलपेक्षा अचूक.

आवाजाच्या फाइली एकशे नव्वद होत्या. बहुतेक रिंगटोन आणि भजनं. मी एक एक उघडत गेलो, हेडफोन लावून, पोरं झोपल्यावर. एकशे बाराव्या फाइलीत कोंबडा ओरडला आणि आबा खाकरले.

चौदा मिनिटांपैकी सव्वासहा मिनिटं आली. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यांत ठेवलेली असली, तर फोटोरेकला पहिला सलग तुकडाच मिळतो. आबा खडीच्या कामाचं सांगतात, मुकादमाला शिवी देतात, सुकडीची चव सांगतात. मग "आन् हिरीला पानी लागलं त्या दिशी तुजी आई..." आणि तिथे संपतं.

आई तेव्हा गावी होती. मी फोनवर तिला ते वाक्य ऐकवलं आणि विचारलं, पुढे काय? तिने दोनदा ऐकवायला लावलं. मग म्हणाली, "त्यांनी काय सांगितलं आसंल कुणास ठावं. मी तर त्या दिशी तापानं निजून हुते."

2023 साली बातमी आली की संरक्षण मंत्रालयाच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबंटूवर आधारलेली माया नावाची प्रणाली येणार. जुन्या युनिटमधल्या एका सुभेदार मित्राचा फोन आला, "सर, बसवताना काय काळजी घ्यायची?" मी त्याला पाऊण तास धरून ठेवलं.