आई, जरा गप्प बस!

आमच्या घरी रेडिओ आला तो वडिलांच्या गिरणीच्या बोनसमधून. त्या काळी रेडिओला लायसन लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. वडील चौथी शिकलेले, आई निरक्षर. नाटकाचे तिकीट काढणे आम्हांला कधी परवडले नाही. पण नाटककाराची मुलाखत, गायकाशी गप्पा, नव्या पुस्तकावरची चर्चा हे सगळे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत फुकट येत असे. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आपले तत्त्वज्ञान आकाशवाणीवरून सांगितले होते, हे वडील अभिमानाने सांगत. त्यामुळे भाषण चालू असताना घरात कोणी बोलायचे नाही, असा नियमच होता.

१९९६ साली आम्ही बारावीत होतो. एका संध्याकाळी जात्यावरच्या ओव्यांवर कोणा विद्वानाचे भाषण लागले. आई लसूण सोलत होती. वक्ते म्हणाले, या ओव्या रचणाऱ्या बाया अज्ञात आहेत. आई हसली आणि म्हणाली, "अज्ञात कशानं? ही ओवी तर माझ्या मावळणीची हाय. आमी दोघी एकाच जात्यावर बसायचो."

आम्ही म्हणालो, "आई, जरा गप्प बस! ऐकू दे."

आई गप्प बसली. ती ओवी तिने पुढे म्हटली नाही आणि आम्हीही कधी विचारली नाही.

मायक्रोफोनसमोर कोण बसतो, यावर कला कशाला म्हणायचे ते ठरत असते. आपल्या जलशांत, गायन पार्ट्यांत पेटीवाचून गाणे उभे राहत नाही. पण त्याच पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले. तिच्यातून श्रुती निघत नाहीत, असे कारण दिले गेले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. १९५२ नंतर सिनेमाची गाणीही बाजूला सारली गेली, तेव्हा लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर फिरवला. लोकांना काय आवडते ते लोकांना ठाऊक होते. विचारले मात्र कोणी नाही.

रेडिओला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. विद्वानाला आमची आई माहीत नव्हती. आम्हांला तर होती! तरीही आम्ही पेटीतल्या आवाजाला ज्ञान मानले आणि शेजारच्या आवाजाला गडबड.

काहींनी मात्र कान दिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर म्हणणारीचे नावही लिहून ठेवले. त्यांच्याच कामात, त्याच १९९६ साली, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. तिथे बाया मोकळ्या गळ्याने गात होत्या आणि त्याच वर्षी आम्ही आपल्या आईला गप्प करीत होतो.

आई २०११ साली गेली. पुढे आम्ही गावी गेलो, म्हाताऱ्या बायांना विचारले. मावळणीचे नाव मिळाले, ओवी मिळाली नाही. जाते अंगणात पालथे पडले होते.

आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. बंधुभगिनींनो, या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. मोबाईल समोर ठेवा आणि एकच विचारा, "आजी, हे गाणं तुला कोणी शिकवलं?" गाणे घ्या, नाव घ्या, गाव घ्या. टी.व्ही. थोडा वेळ बंद राहिला तरी चालेल. मात्र आजीला गप्प बस म्हणू नका.