वाशिमच्या दवाखान्याचे ऋण



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आज मात्र एका जुन्या ऋणाविषयी सांगणार आहे.

माझे गाव मेडशी. जन्म 1972 सालचा, म्हणजे मोठ्या दुष्काळातला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. आईला कळा येऊन दोन दिवस झाले, तरी सुटका होईना. सुईण जाणती होती. पोटावर हात फिरवून ती म्हणाली, "पोर आडवं हाये. आता हे माह्या हातातलं नाही. वाशीमले न्या."

बैलगाडीने आईला सडकेपर्यंत आणले. तिथे एक मालट्रक थांबला आणि मालेगाववरून वाशिमच्या मिशन दवाखान्यात पोचवून गेला. आम्ही दोघेही वाचलो. आई पुढे नेहमी सांगे, "नाव इचारलं, गाव इचारलं, जात कोनं नाही इचारली." आमच्या घरी पंढरीची वारी. तरी दर नाताळला आई देवापुढे एक दिवा जास्तीचा लावी.

त्या दवाखान्याचे नाव रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. तो नाझरीन चर्चचा. 1936 साली ऑर्फा स्पायकर नावाच्या डॉक्टरीणबाई अमेरिकेतून आल्या. तेव्हा वाशिमला बासिम म्हणत. 1938 साली दवाखाना सुरू झाला. पुरुष डॉक्टरापुढे जायला बायाबापड्या लाजत, त्या काळात बाईमाणूस डॉक्टर मिळणे ही केवढी सोय! बाईंनी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे या कामाला दिली. पुढे नर्सिंगचे शिक्षणही सुरू झाले आणि आपल्याकडच्या मुली शिकून रुग्णांच्या उशाशी उभ्या राहिल्या.

चर्चची प्रगती म्हटली की लोक इमारती मोजतात, माणसे मोजतात. मला मोठी वाटते ती ही गोष्ट, की परक्या मुलखातून आलेले काम इथल्या हातांत रुजले.

हे मला उशिरा उमगले. नोकरीच्या सुरुवातीला मी गावोगावी प्रात्यक्षिकाचे प्लॉट घेई. बियाणे मीच आणायचे, पेरणीला मीच उभे राहायचे. प्लॉट असा साधे की लोक बघायला येत. मग माझी बदली झाली आणि पुढल्या साली तिथे पुन्हा जुनीच रीत! मनाला फार लागले. दोष गावाचा नव्हता. मी पीक दाखवले होते, हात तयार केले नव्हते.

मग मी रीत बदलली. घरातल्या बायांना सोयाबीनची उगवण तपासायला शिकवले. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरायचे. कमी उगवले तर बियाणे वाढवायचे. परवा एका गावी गेलो, तर एक सासू सुनेला हेच शिकवीत होती. मला पाहून म्हणाली, "सायेब, आमचं मोजून झालं. तुम्ही चहा घ्या."

त्या दिवशी माझी गरज उरली नव्हती. इतका आनंद मला कोणत्याही बढतीने दिला नाही.

आई आता नाही. जास्तीचा दिवा मी लावतो. तुमच्याही घरावर कुणा सुईणीचे, नर्सबाईचे, मास्तरांचे असे ऋण असेल. ती माणसे हयात असतील तर एकदा जाऊन सांगा. आणि आपल्याला जे येते, ते एका तरी हाताला शिकवा. ऋण फेडण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.